उतरंडीतली देवी

अंभोऱ्यांच्या घरात त्या वर्षी बोलणं म्हणजे टपाल टाकण्यासारखं झालं होतं. एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तो तिसरा नेमका समोरच बसलेला असायचा.

पुंजाजी धाकट्या भावाशी बोलत नव्हता, त्याला कारण मागची सव्वीस जानेवारी. शेलूबाजारच्या शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांचा सत्कार होता. एकाहत्तरच्या लढाईतून आलेली पोरं होती, शिवाय पुंजाजीसारखी जुनी खोडं. पंजाबराव कारंज्याला मास्तर, बोलण्यात पटाईत, म्हणून माइक त्यांच्या हातात. त्यांनी जाहीर केलं, "ज्यांच्या छातीवर पदक आहे, त्यांनीच मंचावर यावं." इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसलेला सख्खा मोठा भाऊ त्यांना दिसला नाही असं नाही. दिसला, आणि तरी ते पुढचं नाव वाचून मोकळे झाले. पुंजाजी उठला, घरी आला, कोट खुंटीला टांगला, आणि त्या दिवसापासून भावाचं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही.

पंजाबरावांची बायको लिलाबाई पुंजाजीशी बोलत नव्हती ती मात्र रीत म्हणून. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यासमोर पदर पुढं ओढायचा, जे सांगायचं ते भिंतीला सांगायचं, आणि भासऱ्यानं ते भिंतीकडून ऐकायचं. घरानं दीक्षा घेतली, देव सोडले, उपास सोडले, पण ही रीत पायाला चिखल चिकटावा तशी चिकटून राहिली होती.

आणि आज सैनिक बोर्डाचे साहेब येणार होते. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी पुंजाजीनं अर्ज धाडला होता. काश्मीरच्या लढाईत तो लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी होता. फौजेतून सुटताना मिळालेल्या बुकात पदकांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती, कारण काश्मीरचं पदक सरकारनं काढलं ते तो सुटून आल्यावर. ते आपल्यापर्यंत कधी पोचलंच नाही, तेव्हा निदान बुकात नोंद तरी करा, एवढंच त्याचं म्हणणं. वर्षभर कागद इकडून तिकडे फिरले आणि शेवटी उत्तर आलं, की साहेब स्वतः घरी येऊन पुरावा पाहतील. पुरावा पटला तर नोंद होईल, नाही पटला तर प्रकरण बंद. पुंजाजीनं कोट पुन्हा इस्त्रीला दिला होता.

रुख्मिणीनं, म्हणजे पुंजाजीच्या बायकोनं, सकाळपासून चुलीवर पुरण चढवलं होतं. साहेब असो की साहेबाचा शिपाई, पुरणपोळी खाल्ल्याशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही, हा तिचा कायदा.

"बाई, त्याईले सांगा, तो कोट घालू नका म्हणा," लिलाबाई कणीक मळता मळता म्हणाली. "मागच्या साली तोच घातला होता. अपशकुन झाला."

"शकुन-अपशकुन सोडले ना वं आपण? तुह्या नवऱ्यानं आयकलं तं समितीत उभं करीन तुले."

दोघी हसल्या. पंजाबराव विहार समितीचे सचिव होते आणि तिथं ते भलतेच कडक. एका घरी भिंतीवर नुसतं गणपतीचं कॅलेंडर दिसलं, तर त्या घरच्या माणसाला त्यांनी भर सभेत उभं केलं होतं. बिचारा म्हणत राहिला, की मी तारखा पाहतो, चित्र पाहत नाही.

"बाई, खरं सांगू," लिलाबाई म्हणाली, "मी यंदा मोठ्या भाऊंच्या बाजूनं हावो. मास्तराले म्या रातीच सांगतलं, पदक आलं तं तुमच्या आधी मी टाळ्या वाजवीन."

"मंग ते काय म्हणले?"

"काय म्हणतीन? कूस बदलली."

रुख्मिणीला ही जाऊ एकदम आवडायला लागली. लग्न झाल्यापासून दोघींचं पटायचं ते फक्त सासूविरुद्ध, आज पहिल्यांदा दुसऱ्या कशावर पटलं होतं.

"गूळ कमी पडते," लिलाबाई उठली आणि कोपऱ्यातल्या उतरंडीकडे वळली. एकावर एक रचलेल्या मडक्यांची ती उतरंड सासूच्या, भागिरथाबाईच्या पाठीशी होती. म्हातारी तिथं बसून तूर निवडत होती.

"तिले हात नको लावू."

"आत्याबाई, गूळ पाह्यजे."

"गूळ शिंक्यात हाये. उतरंडीत काईच नाई."

काहीच नाही तर जपता कशाला, हे विचारायची हिंमत दोन्ही सुनांना कधी झाली नव्हती. म्हातारी तळाच्या मडक्यात स्वतःपुरते गूळ-शेंगदाणे लपवते, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

तळाच्या मडक्यात, ज्वारीच्या कण्यांखाली, देवी होती.

हे भागिरथाबाईशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. पोरगं काश्मिरात असताना तिनं नवस केला होता, की हा धड परत आला तर देवीचा चांदीचा टाक घडवीन. पोरगं आलं, पण चांदीपुरते पैसे काही जमले नाहीत. मग पुंजाजी कारंज्याच्या जिनिंगात कामाला लागला आणि तिकडेच राहू लागला, तेव्हा एक दिवस पोस्टमन दारात आला. अंगठा घेतला आणि एक डबी देऊन गेला. म्हणाला, सरकारनं पाठवलं. डबी उघडली तर आत देवी. कमळ होतं, तलवार होती, तलवारीमागं तेज होतं. गरिबाला घडवायला जमेना म्हणून देवी स्वतःच्या पायानं चालत आली, असं तिला वाटलं. तिनं तिला देव्हाऱ्यात सगळ्यांत मागं, फुलांखाली बसवली. सोबत रंगीत फीत होती, ती नातीच्या टोपऱ्याला शिवली. पुंजाजी देव्हाऱ्याकडे ढुंकून पाहत नसे, त्याला सांगून काय उपयोग.

मग छप्पन साल आलं. सगळ्यांबरोबर तीही नागपूरला गेली, हात वर करून तिनं प्रतिज्ञा घेतल्या, आणि त्या खऱ्या मनानं घेतल्या. घरी आल्यावर पुंजाजीनं सगळे देव टोपलीत भरले आणि अडाण नदीत नेऊन सोडले. भागिरथाबाईनं एकही देव मागं ओढला नाही. फक्त हिला तिनं ओच्यात लपवलं. बाकीचे देव बाजारातून आणलेले होते, ही पोराच्या जिवामागं आलेली होती. हिला नदीत सोडलं आणि पोराला काही झालं तर? तेव्हापासून दर मंगळवारी घर रिकामं झालं की ती मडक्यात हात घालून हिला कुंकवाचं बोट लावायची. रात्री त्याच तोंडानं बुद्धवंदना म्हणताना तिची जीभ अडखळायची. पंजाबला कळलं तर तो आपल्याला भर सभेत उभं करेल, आणि तो करेलच, कारण पोटचा असला तरी मास्तर होता.

अंगणात दोन बाजा टाकल्या होत्या. एकीवर पुंजाजी, दुसरीवर पंजाबराव, दोघांची पाठ एकमेकांकडे. मायनं बोलावलं म्हणून पंजाबराव आदल्या दिवशी एस.टी.नं आले होते, नाही तर आले नसते. मध्ये हुरड्याची आगटी धुमसत होती आणि मदनसिंग तिच्यापाशी उकिडवा बसून दोन्हीकडचं टपाल पोचवत होता. मदनसिंग किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा, पलटणीत ट्रक चालवायचा. पुंजाजीचा एकुलता एक जिवंत साक्षीदार.

"मदनसिंग, त्याले सांग, उन्हात बसू नको म्हणा. टक्कल तापते."

"मदनसिंगभाऊ, त्यांना सांगा, माझ्या डोक्याची काळजी करायला माझी बायको आहे."

"पुंजा, तो म्हणते, डोक्याची काळजी बायको करते. आता म्या माह्याकडून सांगू का? दोघंबी डोकं बाजूले ठेवा अन् हुरडा खा. जळून राह्यला."

पंजाबरावांनी हुरडा घेतला, पण चव लागेना. दादाच्या काश्मीरच्या गोष्टी दर हुरड्याला वाढत गेलेल्या त्यांनी ऐकल्या होत्या. एका वर्षी बर्फ गुडघ्याइतका, पुढच्या वर्षी कमरेइतका, मग छातीइतका. माइक हातात असताना हेडमास्तर कानाशी येऊन म्हणाले होते, "तुमचे बंधू लांगरी होते ना हो?" तेवढ्यानं पंजाबरावांची जीभ वळली. दादाला कोणी हसू नये म्हणून आपण नाव गाळलं, असं ते वर्षभर स्वतःला सांगत आले होते. आपल्याला कोणी हसू नये म्हणून गाळलं, हेही त्यांना ठाऊक होतं. आता साहेबांनी नाही म्हटलं तर आपण बरोबर ठरणार, आणि तसं ठरायची त्यांना आज भीती वाटत होती.

साहेब आले ते जीपच्या पुढच्या सीटवरून उतरून, थेट हुरड्याच्या वासावर. इंद्रभान सुभेदार, निवृत्त, मिशा अजून ड्यूटीवर. बाजेवर बसले, मूठभर हुरडा तोंडात टाकला आणि फाईल उघडली.

"हं. साक्षीदार कोण?"

मदनसिंग ताडकन उभा राहिला. "मी, साहेब."

"खिंडीत चढाई झाली तेव्हा हा तिथं होता?"

"होता."

"डोळ्यांनी पाह्यलं?"

मदनसिंगनं डोकं खाजवलं. "आता साहेब, खोटं कायले बोलू? बर्फ पडून राह्यला होता, ज्याच्या त्याच्या तोंडाले कांबळं गुंडाळलेलं. कोण कोणाले पाह्यते? पण म्या त्याचा झुणका खाल्ला."

"काय खाल्लं?"

"झुणका, साहेब. तितक्या उंचावर डाळ शिजतच नाई. दुसरे लांगरी कच्ची डाळ वाढत, अन् पोट धरून आमी बसत होतो. एक दिवस ताटात झुणका आला. म्या म्हटलं, इथं कोण आलं बाप्पा आपल्याकडचं? यानं डाळ भिजवली, दगडानं वाटली अन् परतून दिली. अख्ख्या काश्मिरात दुसरा कोण करीन? पंजाबी लांगऱ्याले जमते?"

"तिखट कमी होतं," पुंजाजी पुटपुटला. "मिर्च्या सरल्या होत्या."

सुभेदार साहेबांच्या मिशा हलल्या. मग त्यांना हसू आवरेना. पोट धरून हसले, सोबत मदनसिंग हसला, दाराआड दोन्ही जावा तोंडात पदर कोंबून हसल्या, पंजाबरावसुद्धा हसले आणि एकदम थांबले. हसू ओसरल्यावर साहेबांनी डोळे पुसले आणि त्यांचा आवाज बदलला.

"पुंजाजी, माझा विश्वास बसला तुमच्यावर. पण वर काय लिहू? झुणका खाल्ला? साक्षीदार दोन लागतात, तेही पाहणारे. तुमचा दुसरा माणूस गेल्या साली वारला."

"मंग नाई होत?"

"पदक हातात असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. त्याच्या काठावर नंबर अन् नाव कोरलेलं राह्यते. रेकॉर्डात हरवलं तरी धातूवर राह्यते. ते नाही, तर मग प्रकरण बंद करावं लागते."

पुंजाजीनं मान हलवली. त्यानं कोटाचं वरचं बटण काढलं, मग खालचं काढलं. रुख्मिणीला दारातून ते दिसलं आणि तिला चुलीवरच्या पोळीचं भान राहिलं नाही.

लिलाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. "भितीबाई, साहेबाले इचारा, ते पदक दिसते तरी कसं?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, पण माणूस समजूतदार. "रुपयापेक्षा मोठं. एका अंगाले कमळ. दुसऱ्या अंगाले उभी तलवार, तिच्यामागं किरणं."

तुरीच्या सुपावर भागिरथाबाईचा हात थांबला.

तिला सगळं एकाच वेळी कळलं आणि काहीच कळेना. कमळ होतं. तलवार होती. म्हणजे सरकारकडेही हीच देवी होती की काय? बाहेर पुंजाजी कोटाची बटणं काढून बसला होता. आणि त्याच्या पलीकडे समितीचा सचिव. मडकं उघडलं तर तोंड काळं होणार, नाही उघडलं तर पोराचा कोट पुन्हा खुंटीवर जाणार. नवस कोणासाठी केला होता, एवढं एकच तिनं स्वतःला विचारलं.

उतरंडीची मडकी तिनं एकेक करून खाली घेतली. रुख्मिणी मदतीला धावली, तर तिला ढकलून दिलं. तळाचं मडकं कडेवर घेऊन ती अंगणात आली आणि बाजेपुढं उभी राहिली.

"पंजाब, तू घडीभर बाहेर जाय."

"काहून, माय?"

"तू समितीचा हायेस."

"आता सचिवाला घरात बंदी का?"

"तं मंग बस. पण आवाज चढवू नको." तिनं कण्यांत कोपरापर्यंत हात घातला आणि लाल चिंधीतलं गाठोडं काढलं. चिंधी सोडली. आत कुंकवाचा थरावर थर चढलेला एक गोल लाल गोळा होता. "म्या हिले बुडवली नाई. सगळे बुडवले. हे एक ठेवली. काय करायचं ते कर."

पंजाबराव उठून उभे राहिले. "माय, इतक्या वर्षांत? माझ्याच घरात? मी लोकांना सभेत उभं करतो अन् तू..."

"पंजाब, मायवर आवाज चढवू नको," पुंजाजी म्हणाला.

"दादा, तू मध्ये पडू नको, ही तत्त्वाची गोष्ट आहे."

"तत्त्व तुह्या शाळेत ठेव. माय हाये ते."

मदनसिंगनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "झालं. माही नोकरी गेली."

तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं, की वर्षभरानं आपण सरळ बोललो, आणि तेही भांडायला. पुंजाजी खोकला. पंजाबरावांनी चष्मा पुसायला काढला.

सुभेदार साहेब मात्र त्या लाल गोळ्याकडे पाहत राहिले होते. "आई, हिले जरा धुता काय?"

रुख्मिणीनं चिंच आणि राख आणली. कुंकू काही सहजासहजी सुटेना, सगळे मंगळवार त्यात बसलेले. चिंच चोळली, नारळाच्या शेंडीनं घासलं. पितळीतलं पाणी लालभडक झालं आणि त्यातून आधी कमळ वर आलं. दुसऱ्या अंगाला तलवार आली, तिच्यामागची किरणं आली. दोन्ही जावांनी एकमेकींचा हात धरला. साहेबांनी ते रुमालानं पुसून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं, खिसे चाचपले.

"चष्मा अकोल्यालेच राह्यला. मास्तर, काठावर काय हाये, तुमी वाचा. मोठ्यानं वाचा."

पंजाबरावांनी पदक हातात घेतलं. उन्हाकडे वळवलं. हाच आवाज मागच्या साली माइकवर कसा खणखणीत होता, आज तो एकेक आकड्यावर थबकत होता.

"सहा... शून्य... सात..."

पुंजाजी बाजेवरून उठला. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याच्या टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, छाती पुढं आली. पुढचे आकडे पंजाबरावांनी वाचायच्या आधीच तो म्हणत गेला, एकही न चुकता, पलटणीच्या हजेरीला म्हणावेत तसे. पंजाबराव त्याच्यामागं बोट फिरवत गेले, आणि प्रत्येक आकडा जुळत गेला.

"नाव?" साहेब म्हणाले.

पंजाबरावांनी वर भावाकडे पाहिलं. "पुंजाजी," ते म्हणाले, आणि चष्म्याची काच पुसूनही धूसर राहिली. "लांगरी पुंजाजी अंभोरे."

लिलाबाईच्या डोक्यावरचा पदर घसरला होता, तिला त्याचं भान नव्हतं. ती सरळ भासऱ्यासमोर जाऊन टाळ्या वाजवायला लागली. "मोठे भाऊ, म्या म्हटलं होतं, मी पह्यले वाजवीन." मग जीभ चावून ती भिंतीकडे पळाली, पण तोवर रीत मोडून गेली होती, आणि पुंजाजी इतका हसत होता की त्याला टाचा जुळवून उभं राहणं जमेना. मदनसिंगनं त्याला मिठी मारून उचललं. दोघंही आगटीत पडता पडता वाचले. चुलीवर पोळी जळल्याचा वास आला, आणि रुख्मिणी हसत-रडत आत धावली.

साहेबांनी फाईलवर लिहिलं, खाली सही ठोकली. "नोंद होईल. शब्द माझा. सव्वीस जानेवारीले मात्र कागद यायची वाट पाहू नका, पदक लावून जा."

या सगळ्या धांदलीत भागिरथाबाई कण्यांचं मडकं कडेवर घेऊन तशीच उभी होती. "मंग," तिनं हळूच विचारलं, "ते देवी नव्हती?"

"नाई, माय," पुंजाजी म्हणाला. "माहं मेडल होतं. इतके साल तू मलेच कुंकू लावलं."

म्हातारीनं ते मनात घोळवून पाहिलं. मग ती धाकट्याकडे वळली, आणि तिच्या तोंडावर जी भीती होती ती पाहून पंजाबरावांना आपल्या सगळ्या सभा आठवल्या. "पंजाब, तू सचिव हायेस. खरं सांग. माही प्रतिज्ञा मोडली का नाई?"

पंजाबरावांनी तिच्या हातातलं मडकं काढून खाली ठेवलं. "नाई मोडली, माय," ते म्हणाले, आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदा शाळेच्या भाषेत नाही तर घरच्या भाषेत बोलले. "देव तं तू कवाच सोडले. पोराले कोण सोडते?"

मग ते भावापुढं जाऊन उभे राहिले. माफी मागायला तोंड उघडलं. पुंजाजीनं फार वेळ वाट पाहिली नाही. कोटाची बटणं एकेक करून लावली, आणि छाती पुढं केली.

"लाव," तो म्हणाला. "मागच्या साली राह्यलं होतं."

फीत तर कधीच नातीच्या टोपऱ्याला गेली होती. लिलाबाईनं दंडाचा काळा दोरा तोडून दिला, पदराची पिन दिली. पंजाबरावांच्या बोटात पिन दोनदा रुतली, पण शेवटी पदक कोटावर बसलं, थोडं तिरपं. घासूनही तलवारीच्या खोबणीत कुंकू राहिलंच होतं.

भागिरथाबाई पुढं आली. तिनं पदकाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि तिचे दोन्ही हात सवयीनं जुळत आले. अर्ध्यावर तिला आठवलं आणि तिनं चोरट्या नजरेनं सचिवाकडे पाहिलं.

पंजाबराव गोठ्यातल्या म्हशीकडे पाहत होते, आणि ते बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.